वाचकांचे प्रश्न : उपकरण झोपते तेव्हा ड्रायव्हरने काय करावे?

बॅटरीवर चालणाऱ्या लहान उपकरणांतील ऑपरेटिंग सिस्टिम झोपते (सस्पेंड) आणि पुन्हा जागी होते (रिझ्यूम), त्या वेळी ड्रायव्हरची, म्हणजे एखादे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, नेमकी जबाबदारी कोणती, याविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही लिनक्सवर चालणारे, हातात धरून वापरायचे एक औद्योगिक यंत्र बनवतो. त्याच्या टच पॅनलचा ड्रायव्हर मी लिहिला आहे. पॅनलची चिप आयटूसी बसवर, म्हणजे चिपांमधील दोन तारांच्या संवादमार्गावर, आहे. सस्पेंडमध्ये मी चिपचा रेग्युलेटर (तिला वीज पुरवणारा घटक) बंद करतो आणि रिझ्यूममध्ये पुन्हा चालू करतो. डेव्हलपमेंट बोर्डावर हे सुरळीत चालते. आमच्या स्वतःच्या बोर्डावर मात्र यंत्र जागे झाल्यावर पॅनल बोटाला प्रतिसाद देत नाही; ड्रायव्हर काढून पुन्हा लोड केला की लगेच चालू होते. शिवाय लॉगमध्ये ‘ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड’ असा इशारा आणि उणे १०८ ही त्रुटी दिसते. या दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत का? — एक वाचक, पुणे

उत्तर : लक्षणे दोन आहेत, पण बहुधा दोन्हींचे मूळ एकच आहे : आपल्या बोर्डावर चिपचा वीजपुरवठा खरोखरच बंद होतो, आणि डेव्हलपमेंट बोर्डावर तो कधीच बंद होत नव्हता. ड्रायव्हरने रेग्युलेटर बंद करण्याची विनंती केली म्हणजे तो बंद झालाच, असे नसते. तोच रेग्युलेटर दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने धरून ठेवला असेल, किंवा डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डाच्या हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) तो कायम चालू राहील असे नोंदवले असेल, तर विनंती यशस्वी झाल्याचे उत्तर मिळते आणि व्होल्टेज मात्र जसेच्या तसे राहते. डेव्हलपमेंट बोर्डांवर साधारणपणे एकाच ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यावर निम्मे बोर्ड चालत असते, त्यामुळे आपल्या चिपची रजिस्टरे (तिच्यातील मूल्ये साठवण्याच्या जागा) झोपेतही शाबूत राहत होती आणि रिझ्यूममधली उणीव झाकली जात होती.

ड्रायव्हर पुन्हा लोड केल्यावर पॅनल चालते, ही आपण दिलेली खूण फार उपयोगाची आहे. प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर लोड होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, आपण चिपला रिझोल्यूशन, इंटरप्टची (चिपने प्रोसेसरला मारलेल्या हाकेची) पद्धत, संवेदनशीलता इत्यादी मूल्ये लिहून देता; रिझ्यूममध्ये फक्त वीज देता. वीज गेली की चिप कारखान्यातून आली तशी कोरी होते, म्हणून ती सर्व मूल्ये पुन्हा लिहिणे ओघानेच आले. माझ्या मते सस्पेंडचे फंक्शन लिहायला घेण्यापूर्वी रिझ्यूमचे लिहावे, आणि त्याआधी चिपमधील कोणकोणती माहिती वीज गेल्यावर नाहीशी होते याची यादी डेटाशीट समोर ठेवून करावी. ही यादी हाती असली की सस्पेंडमध्ये लिहायला फारसे काही उरत नाही.

मूल्ये परत लिहिण्यासाठी आपण रेगमॅप, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील (कर्नलमधील) रजिस्टरे हाताळणारी सोय, वापरत असाल तर त्यातील रजिस्टर-कॅशे (लिहिलेल्या मूल्यांची प्रत) हे काम बऱ्याच अंशी स्वतः करते. वीज बंद करण्यापूर्वी कॅशेला ‘फक्त कॅशेवरच काम कर’ असे सांगून ती शिळी झाल्याचे नोंदवायचे, आणि वीज परत आल्यावर तो निर्बंध काढून सिंक करायचे. मात्र आपोआप बदलणारी म्हणून जाहीर केलेली रजिस्टरे या कॅशेत नसतात, आणि ज्या चिपला सुरुवातीला फर्मवेअर भरावे लागते तिला ते रिझ्यूममध्येही पुन्हा भरावे लागते.

आता इशाऱ्याकडे वळू. लिनक्समध्ये सस्पेंड टप्प्याटप्प्याने होते. आधी प्रोसेस गोठवल्या जातात. नंतर सर्व उपकरणांची सस्पेंड फंक्शने, मग त्यांची ‘लेट’ फंक्शने बोलावली जातात. त्यानंतर उपकरणांचे इंटरप्ट एकगठ्ठा बंद होतात आणि शेवटी ‘नो-आयआरक्यू’ (इंटरप्ट बंद असतानाचा) टप्पा येतो. जागे होताना हा क्रम उलटा चालतो. प्रत्येक टप्प्यात झोपताना अपत्य-उपकरण आधी आणि पालक नंतर, तर जागे होताना पालक आधी, असा नियम असतो. त्यामुळे आपली टच चिप आयटूसी कंट्रोलरच्या आधी झोपते आणि त्याच्यानंतर उठते, आणि तिच्या सस्पेंड व रिझ्यूम फंक्शनांत बस उपलब्ध असते. इथपर्यंत सर्व ठीक आहे. पण हा पालक-अपत्य क्रम इंटरप्टला लागू नाही. जागे होताना ‘नो-आयआरक्यू’ टप्पा संपला की सर्व उपकरणांचे इंटरप्ट एकदमच खुले होतात, आणि त्या क्षणी आपला आयटूसी कंट्रोलर अजून झोपलेला असू शकतो.

आपल्या बोर्डाचे सर्किट पाहा. टच चिपच्या इंटरप्ट लाइनवरचा पुल-अप रेझिस्टर (लाइन एरवी हाय ठेवणारा) चिपच्याच, म्हणजे बंद होणाऱ्या पुरवठ्याला जोडलेला असावा असा माझा अंदाज आहे. पुरवठा गेला की ती लाइन लो होते. इंटरप्ट लो पातळीवर सक्रिय होणारा असेल, तर कर्नलच्या दृष्टीने चिप सतत हाक मारते आहे. इंटरप्ट खुले होताच हँडलरचा (इंटरप्टला उत्तर देणाऱ्या फंक्शनचा) थ्रेड धावतो, बोटाची जागा वाचण्यासाठी आयटूसी व्यवहार सुरू करू पाहतो, आणि बस झोपलेली असल्यामुळे आयटूसीचा गाभा तो इशारा छापून उणे १०८ परत करतो. हा आकडा ‘ई-शटडाउन’ या त्रुटीचा आहे. डेव्हलपमेंट बोर्डावर पुरवठा कायम चालू, म्हणून लाइन हाय, म्हणून सारे शांत.

यावरचा उपाय सस्पेंडमधील क्रमात आहे. सर्वांत आधी इंटरप्ट बंद करा. ‘डिसेबल आयआरक्यू’ हे फंक्शन आधीपासून चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबते, त्यामुळे अर्धवट व्यवहार मागे राहत नाही. मग चिपला झोपण्याची आज्ञा द्या, कॅशेची व्यवस्था लावा आणि शेवटी रेग्युलेटर बंद करा. रिझ्यूममध्ये आधी रेग्युलेटर, मग डेटाशीटमध्ये दिलेला स्थिर होण्याचा वेळ, मग रिसेट, मग रजिस्टरे, आणि इंटरप्ट सर्वांत शेवटी. एक सावधगिरी हवी : हँडलर जे म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप) घेतो तेच हातात धरून इंटरप्ट बंद करायला गेलात तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतील, आणि यंत्र झोपण्याऐवजी अडकेल.

पुढेमागे कोणी आपल्याकडे ‘पॅनलला स्पर्श केला की यंत्र जागे व्हावे’ अशी मागणी केली, तर त्याच चिपचा पुरवठा बंद करता येणार नाही. मग चिप तिच्या स्वतःच्या कमी विजेच्या अवस्थेत ठेवून इंटरप्टला वेकअपचा अधिकार द्यावा लागेल. इंटरप्ट बंद असणे आणि त्याला वेकअपचा अधिकार असणे या लिनक्सच्या दृष्टीने स्वतंत्र गोष्टी आहेत. इंटरप्ट कंट्रोलर आणि त्याचा ड्रायव्हर नीट असतील तर दोन्ही एकाच वेळी शक्य आहेत.

प्रश्न : शेतातील मातीचा ओलावा मोजणारे नोड मी बनवले आहेत. एसटीएम३२ एल४ मालिकेचा मायक्रोकंट्रोलर, झेफर ऑपरेटिंग सिस्टिम, ३ व्होल्टचा २२० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा बटन सेल आणि आयटूसीवरचा सेन्सर अशी रचना आहे. सरासरी १० मायक्रोअँपिअर धरून सेल अडीच वर्षे जायला हवा. बहुतेक नोड ठीक आहेत. पण काहींचे आकडे अचानक यायचे थांबतात आणि त्यानंतर पंधरवड्यात सेल संपतो. अशा एका नोडचा झोपेतला करंट ०.६ मिलिअँपिअरच्या आसपास भरला. आयटूसीचे पुल-अप ४.७ किलोओहमचे आहेत. सेल खराब असतील का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : सेलला दोष देण्याआधी आपल्याच आकड्यांचा भागाकार करून पाहा. ३ व्होल्ट भागिले ४.७ किलोओहम म्हणजे सुमारे ०.६४ मिलिअँपिअर. हा आपण मोजलेलाच करंट आहे. २२० भागिले ०.६४ म्हणजे सुमारे ३४४ तास, अर्थात चौदा दिवस. आपला पंधरवडा इथेच सापडला. म्हणजे बिघडलेल्या नोडमध्ये आयटूसीच्या दोन लाइनींपैकी एक सतत लो राहते आहे आणि तिच्या पुल-अपमधून अखंड करंट वाहतो आहे. नोड झोपलेला असताना डेटा लाइनवर मल्टिमीटर ठेवलात तर ३ व्होल्टऐवजी शून्याच्या जवळचे वाचन मिळेल, असे मला वाटते.

आकडे येणे आधी थांबते आणि सेल नंतर संपतो, या क्रमावरून कारणही सुचते. आयटूसी व्यवहार अर्धा झालेला असताना कंट्रोलरचे क्लॉक थांबले, तर सेन्सर पुढच्या क्लॉकची वाट पाहत राहतो. त्या क्षणी तो शून्य बिट पाठवत असेल तर डेटा लाइन त्याने खाली ओढून धरलेली असते, आणि ती तो आपणहून सोडत नाही. नोड पुढच्या वेळी जागा होतो तेव्हा बस व्यग्र दिसते, व्यवहार सुरूच होत नाही, आकडा येत नाही, नोड पुन्हा झोपतो, आणि करंट वाहतच राहतो. व्यवहार आणि झोप यांची गाठ नेमकी त्याच क्षणी पडणे विरळ असल्यामुळे सगळे नोड एकदम बिघडत नाहीत. टेबलावर तर हा दोष दिसणारही नाही.

दुरुस्ती दोन बाजूंनी करावी. पहिली म्हणजे व्यवहार चालू असताना ड्रायव्हरला झोपवूच नये. झेफरमध्ये उपकरण ‘बिझी’ असल्याची नोंद करण्याची सोय आहे. व्यवहार सुरू करताना ती नोंद करावी आणि पूर्ण झाल्यावर काढावी, म्हणजे सिस्टिम झोपताना त्या उपकरणाच्या सस्पेंडला हात लावत नाही. त्याऐवजी उपकरणाचे रनटाइम पॉवर मॅनेजमेंट (सिस्टिम जागी असताना रिकामे उपकरण झोपवणारी सोय) सुरू करून प्रत्येक व्यवहाराला ‘गेट’ (वापर सुरू) आणि ‘पुट’ (वापर संपला) यांच्या जोडीत बंदिस्त करणे मला अधिक स्वच्छ वाटते. मात्र उपकरण वापरात आहे एवढ्याने कंट्रोलरचे क्लॉक थांबवणारी गाढ अवस्था टळेलच असे धरून चालू नये. व्यवहार पुरा होईपर्यंत त्या अवस्थेवर पॉलिसी लॉक (तिच्यात जाण्यास मनाई) लावला गेला आहे ना, हे आपल्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये वाचून पाहा. दुसरी बाजू म्हणजे अडकलेली बस सोडवणे. रिझ्यूमनंतर डेटा लाइन लो दिसली तर क्लॉक लाइनवर जास्तीत जास्त नऊ पल्स द्यायचे आणि शेवटी स्टॉपची खूण करायची, ही आयटूसीतील प्रस्थापित पद्धत आहे. झेफरच्या आयटूसी एपीआयमध्ये बस पूर्ववत करण्याचे फंक्शन आहे, पण आपल्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरने ते खरोखर अमलात आणले आहे का, तेही तपासा.

आणखी करंट वाचवण्यासाठी सेन्सरचा पुरवठाच तोडावा असा मोह आपल्याला होईल. तसे करायचे तर पुल-अपही त्याच तोडलेल्या पुरवठ्याला जोडा. पुल-अप कायम चालू पुरवठ्याला राहिले, तर सेन्सरच्या पिनांमधील संरक्षक डायोडमधून करंट मागच्या दाराने आत शिरतो. सेन्सर धड बंदही होत नाही आणि धड चालूही राहत नाही. पुढच्या वेळी वीज दिल्यावर त्याचा अंतर्गत रिसेट नीट होईलच याचीही खात्री उरत नाही.

मोजणी करताना डीबगर (दोष शोधण्यासाठी जोडलेले साधन) काढून ठेवा. एसटीएम३२ मध्ये डीबगसाठी स्टॉप (गाढ झोपेच्या) अवस्थेतही क्लॉक चालू ठेवणारे बिट असतात, आणि ते लावलेले राहिले तर झोपेतला करंट कितीतरी पटींनी अधिक दिसतो.

प्रश्न : आमच्या लिनक्सवरच्या कार्ड-रीडर यंत्रात एक चमत्कारिक दोष आहे. स्क्रीन विझत असतानाच कोणी कार्ड टेकवले तर यंत्र झोपून जाते. कार्ड पुन्हा टेकवले की जागे होते आणि मग दोन्ही नोंदी एकदम दिसतात. इंटरप्टला वेकअपचा अधिकार दिलेला आहे. मग पहिल्या वेळी तो जागे का करत नाही? — एक वाचक, बंगळुरू

उत्तर : डोळा लागता लागता दार वाजावे, तसा हा प्रकार आहे. पहिला इंटरप्ट हरवलेला नाही. तो सस्पेंडची प्रक्रिया सुरू झाल्यानंतर, पण उपकरणांचे इंटरप्ट बंद होण्याआधी आला. हँडलरने तो नेहमीप्रमाणे हाताळला आणि नोंद बफरमध्ये ठेवली. ती नोंद वाचणारी प्रोसेस मात्र तोवर गोठलेली होती, आणि सस्पेंड थांबवावे असे कर्नलला कोणी सांगितले नाही. इंटरप्ट बंद झाल्यानंतर वेकअप इंटरप्ट आला तर कर्नल स्वतःच सस्पेंड सोडून देतो. त्याआधीच्या कालखंडाची जबाबदारी ड्रायव्हरची आहे.

हँडलरमध्ये ‘पीएम वेकअप इव्हेंट’ हे फंक्शन बोलवा आणि प्रोसेसला नोंद वाचायला पुरेल इतका अवधी, समजा ५०० मिलिसेकंद, द्या. त्यामुळे चालू असलेले सस्पेंड रद्द होते. पण हे होण्यासाठी सस्पेंड सुरू करणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमनेही आधी वेकअप-काउंट (जागे करणाऱ्या घटनांची मोजणी) वाचला पाहिजे, हाताशी काही काम शिल्लक नाही याची खात्री केली पाहिजे आणि मग तोच आकडा परत लिहिला पाहिजे. दरम्यान नवी घटना घडली असेल तर हे लिहिणे अयशस्वी होते, आणि प्रोग्रॅमने झोपेचा बेत सोडून द्यायचा असतो. हा आकडा न लिहिता थेट ‘मेम’ ही झोपेची आज्ञा लिहून सस्पेंड करणारी यंत्रे आजही पाहायला मिळतात, आणि त्यांत हा दोष हमखास असतो.

या सोयीला बराच इतिहास आहे. अँड्रॉइडने यासाठी वेकलॉक नावाची, यंत्राला झोपण्यापासून रोखणारी स्वतःची यंत्रणा आणली होती. ती मूळ कर्नलमध्ये घ्यावी की नाही यावर २००९ आणि २०१० मध्ये कर्नलच्या विकासकांत तीव्र वाद झाला. वेकलॉक जसेच्या तसे स्वीकारले गेले नाहीत. त्याऐवजी २०१० मध्ये २.६.३६ आवृत्तीत वेकअप-काउंट आला आणि २०१२ मध्ये ३.५ आवृत्तीत, झोपण्याची संधी मिळताच आपोआप झोपणारी ऑटोस्लीप यंत्रणा आली. अवधी न देता ‘स्टे अवेक’ (जागे राहा) वापरणार असाल तर त्याचा ‘रिलॅक्स’ (आता झोपायला हरकत नाही) प्रत्येक वाटेवर, त्रुटीच्या वाटेवरसुद्धा, बोलावला जातो हे तपासा. डीबग-एफएसमधील (कर्नलच्या तपासणीसाठी असलेल्या फाइलींतील) वेकअप-सोर्सेस या तक्त्यात कोणी यंत्राला किती काळ जागे ठेवले ते दिसते, आणि तक्त्यातला दोषी पुष्कळदा आपलाच ड्रायव्हर निघतो.

प्रश्न : सिस्टिम सस्पेंड आणि रनटाइम पॉवर मॅनेजमेंट या दोन्हींसाठी वेगवेगळी फंक्शने लिहावी लागतात का? सस्पेंड फंक्शनने त्रुटी परत केली तर काय होते? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : रनटाइम पॉवर मॅनेजमेंटमध्ये (कर्नलमध्ये ते २००९ मधील २.६.३२ पासून आहे) बाकीची सिस्टिम जागी असतानाच एखादे रिकामे उपकरण झोपवले जाते. अनेक साध्या उपकरणांना दोन्हींसाठी एकच जोडी पुरते : रनटाइमची फंक्शने लिहायची आणि सिस्टिम सस्पेंडच्या जागी ‘फोर्स सस्पेंड’ व ‘फोर्स रिझ्यूम’ ही कर्नलची तयार फंक्शने नोंदवायची. उपकरण रनटाइमने आधीच झोपवलेले असेल तर ‘फोर्स सस्पेंड’ त्याला पुन्हा हात लावत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण क्लॉक बंद असलेल्या घटकाचे रजिस्टर वाचायला गेल्यास बऱ्याच एआरएम चिपांवर बसची त्रुटी येते किंवा सारी सिस्टिम जागीच थिजते.

सिस्टिम सस्पेंडमध्ये त्रुटी परत केली तर सगळेच सस्पेंड रद्द होते आणि तोवर झोपलेली उपकरणे पुन्हा उठवली जातात. म्हणून क्षुल्लक कारणासाठी त्रुटी देऊ नये. रनटाइममध्ये ‘बिझी’ किंवा ‘अगेन’ या त्रुटींचा अर्थ ‘आत्ता नको’ एवढाच घेतला जातो. इतर त्रुटी मात्र उपकरणाच्या नावावर चिकटून राहतात, आणि त्या दूर केल्याशिवाय त्याचे रनटाइम व्यवहार पुढे चालत नाहीत.

प्रश्न : आमचा बोर्ड सस्पेंड झाला की पुन्हा उठतच नाही आणि सीरियल कन्सोलवर एक अक्षरही येत नाही. दोष कुठे आहे हे कसे शोधावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : थेट गाढ झोपेचा प्रयोग करू नका. सिस पॉवर निर्देशिकेत पीएम-टेस्ट नावाची फाइल असते. ती दिसत नसेल तर पॉवर मॅनेजमेंटच्या डीबगचा पर्याय लावून कर्नल पुन्हा बांधा. तिच्यात ‘फ्रीझर’ लिहून सस्पेंड केले तर फक्त प्रोसेस गोठतात आणि सुमारे पाच सेकंदांनी सारे पूर्ववत होते. ‘डिव्हायसेस’ लिहिले तर ड्रायव्हरही झोपून उठतात, आणि ‘प्लॅटफॉर्म’, ‘प्रोसेसर्स’, ‘कोअर’ या पायऱ्यांनी एकेक टप्पा पुढे जाता येते. ‘डिव्हायसेस’वरच बोर्ड अडकला तर दोष एखाद्या ड्रायव्हरमध्ये आहे, मग मोड्यूल म्हणून बांधलेले ड्रायव्हर निम्मे-निम्मे काढून पाहावेत. ‘कोअर’पर्यंत सर्व सुरळीत असेल आणि खऱ्या झोपेतून बोर्ड उठत नसेल, तर ड्रायव्हरपेक्षा डीडीआर मेमरीचे सेल्फ-रिफ्रेश (झोपेत तिच्यातील माहिती टिकवण्याची सोय), बूटलोडर किंवा वेकअपची पिन यांच्याकडे पाहा. खऱ्या झोपेची चाचणी घेताना आरटीसी-वेक या आज्ञेने वीस-तीस सेकंदांचा गजर लावून ठेवावा, म्हणजे जागे करणारे बटणच बिघडलेले आहे का, हा प्रश्न वेगळा काढता येतो.

कन्सोल शांत होतो तो कर्नल त्यालाही झोपवतो म्हणून. बूटच्या ओळीत ‘नो कन्सोल सस्पेंड’ हा पर्याय द्या, आणि पॉवर निर्देशिकेतील पीएम-प्रिंट-टाइम्स या फाइलमध्ये १ लिहा. मग प्रत्येक उपकरणाचे फंक्शन केव्हा सुरू झाले आणि किती मायक्रोसेकंदांत संपले ते छापले जाते. सुरू झाल्याची नोंद आहे पण संपल्याची नाही, असे शेवटचे नाव म्हणजे आपला पहिला संशयित. उपकरणे एकाच वेळी समांतरपणे झोपवली जात असतील तर या नोंदी एकमेकींत मिसळतात, म्हणून आधी पीएम-असिंक या फाइलमध्ये ० लिहावे. करंट मोजायला बसण्यापूर्वी कन्सोलचा तो पर्याय बूटच्या ओळीतून काढून टाका, नाहीतर सीरियल पोर्ट जागाच राहील आणि मल्टिमीटर त्याचाही करंट आपल्या हिशोबात धरेल.